माप बदललं, तर बिघडलं काय?

प्रत्येक मुलाच्या कपाटात एक तरी पँट अशी असते, जी आता बसत नाही, पण टाकवतही नाही. 'दोन महिन्यांत पोट कमी करतो, मग घालतो,' असं म्हणत आपण ती पुन्हा घडी करून ठेवतो. दोन महिन्यांची दोन वर्षं होतात. तोवर त्यातल्या त्यात बसणाऱ्या दोन पँटवर कॉलेज, ऑफिस, लग्नकार्य सगळं निभावलं जातं.

वजन बदलणार हे उघड आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी वाळतो, पहिल्या नोकरीत खुर्चीवर बसून कुणी सुटतो, जिम लावली की छाती आणि दंड भरतात. पण 'काय रे, सुटलास!' किंवा 'अरे, खायला मिळत नाही का?' हे ऐकून घेतल्यावर टेलरसमोर टेप लावून उभं राहायचीच लाज वाटते. मग एक्स्ट्रा लार्ज टी-शर्टात अंग लपवायचं, नाहीतर सैल पँट बेल्टने आवळून कमरेला चुण्या पाडायच्या.

खरंतर काम सोपं असतं. फॉर्मल पँटच्या मागच्या शिवणीत बहुतेकदा जास्तीचं कापड दाबलेलं असतं. पँट उलटी करून बघा. कापड असेल तर कंबर इंच-दीड इंच सैल होऊ शकते. फक्त जुन्या शिवणीची रेघ दिसेल का, हे आधी विचारा. कमी करणं त्याहून सोपं, पण दोनेक इंचांपुढे गेलात तर मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात. शर्ट बगलेपासून खालपर्यंत सहज आत घेता येतो. खांद्याचं मात्र तसं नाही. तिथे बाही उसवून पुन्हा लावावी लागते, त्यामुळे मजुरीही वाढते. म्हणून नवा शर्ट किंवा ब्लेझर घेताना आधी खांदा बघा, बाकीचं आवरता येतं. सुती कपडा अल्टरला देण्याआधी एकदा धुऊन घ्या, नंतर आटला तर पंचाईत. आणि वजन अजून वर-खाली होत असेल तर सगळं कपाट घेऊन धावू नका. रोजच्या दोन-तीन कपड्यांपासून सुरुवात करा.

एक गोष्ट मात्र गंभीर. डाएट नाही, व्यायाम नाही, तरी बेल्टची भोकं भराभर मागे सरकत असतील, तर आधी डॉक्टर गाठा, टेलर नंतर.

लहानपणी आपले कपडे 'वाढत्या अंगाचे' घ्यायचे. अंग बदलणार, हे घरातल्या सगळ्यांना मान्य होतं. विशी ओलांडली की ही मुभा आपण स्वतःलाच का नाकारतो? वजन कमी करायचं असेल तर जरूर करा, तब्येतीसाठी करा. पण उद्याचा इंटरव्ह्यू आज जे अंग आहे तेच घेऊन द्यायचा आहे. श्वास रोखून बसलेल्या माणसाला उत्तरं नीट सुचत नाहीत.

या रविवारी कपाट उघडा. जे उसवून, आत घेऊन बसतं ते कोपऱ्यावरच्या टेलरकडे द्या. जे बसणारच नाही, ते ज्याला बसेल त्याला द्या. कापड अंगासाठी असतं, अंग कापडासाठी नाही.