आवाज उतरला, पट्टी नाही

अ‍ॅक्सल रोझचा आवाज गेला, हे सांगायला हल्ली कान लागत नाहीत, फोन पुरतो. ‘गन्स अँड रोझेस’चा कुठेही कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फिरायला लागतो. त्यात ‘वेलकम टू द जंगल’ची आरोळी असते, ती मध्येच कुठेतरी चिरकते, आणि खाली हशा. कुणाला मिकी माऊस आठवतो, कुणी घरी बसायचा सल्ला देतं. 17 मे 2025 रोजी हा बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. त्यानंतर माझ्याही फोनवर असा एक तुकडा आला. पाठवणारे गृहस्थ कार्यक्रमाला नव्हते, हे सांगायला नकोच.

मी होतो. मिरजेचा माझा जुना मित्र बरोबर होता. कॉलेजपासून या बँडवर त्याचा जीव, पण प्रत्यक्ष ऐकण्याची ही पहिलीच खेप. खरं तर 2012 च्या डिसेंबरात बँड बंगळूर, मुंबई, दिल्ली करून गेला तेव्हाच मी त्याला बोलावलं होतं. आला नाही. कारण 1987 च्या ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ या अल्बममधल्या पाचजणांपैकी तेव्हा उरला होता एकटा अ‍ॅक्सल. गिटारवाला स्लॅश 1996 साली बाहेर पडला, बेसवाला डफ मॅककेगन त्याच्या मागोमाग. “नुसत्या पाटीला काय नमस्कार करायचा, लेका?” असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. पुढे 2016 साली स्लॅश आणि डफ परतले. इझी स्ट्रॅडलिन आणि स्टीव्हन अ‍ॅडलर काही पुन्हा कायमचे आले नाहीत. या खेपेला तर ड्रमवर आयझॅक कार्पेंटर हा नवाच गडी. पण पाचात तीन म्हणजे कोरम झाला, असा निर्णय मिरजेहून आला आणि आम्ही तिकिटं काढली.

त्यात मे महिन्याची सुरुवात कशी गेली ते आपल्याला माहीत आहे. भारत-पाक सीमेवरचा गोळीबार 10 तारखेला थांबला, थांबवलेली आयपीएल पुन्हा सुरू झाली ती नेमकी 17 तारखेलाच. त्या आठवड्यात मित्राचा रोज फोन: “होतंय का नाही रे?” मी काय सांगणार?

त्याच्या भक्तीची मुळं एका कॅसेटमध्ये आहेत. मिरजेत तेव्हा इंग्रजी कॅसेट सहज मिळत नव्हत्या. पुण्याहून कुणी आणली की तिच्यावरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून याने वडिलांच्या नाट्यगीतांच्या कॅसेटची मागची बाजू पुसली. गाणी संपली तरी टेप थोडी उरत होती, त्यामुळे स्लॅशची गिटार विरली की खर्रकन आवाज यायचा आणि बालगंधर्व मध्येच कुठल्या तरी ओळीवर सुरू व्हायचे. वडिलांनी त्याला काय केलं ते तो अजून नीट सांगत नाही.

रेसकोर्सवर आम्ही बरेच मागे होतो. आम्हाला माणसं दिसत होती ती पडद्यावरच. उकाडा असा की चष्म्याच्या काचांवर वाफ धरत होती. ‘जंगल’ने सुरुवात झाली. पहिले ते घुमत येणारे गिटारचे स्वर, मग अ‍ॅक्सलची आरोळी. चिरकली? हो, चिरकली. जिथे पूर्वी छातीतून फाटत येणारा आवाज होता, तिथे आता बऱ्याचदा बारीक, खोटा आवाज येतो. वर जाऊन तो टिकत नाही, आणि वेगात शब्द आले की दमही कमी पडतो. खालच्या स्वरांत मात्र तो भरदार आणि पक्का आहे, पण त्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही.

मित्राने फोन खिशातून काढलाच नाही. त्याच्या डाव्या हाताची बोटं स्वतःच्या उजव्या मनगटावर फिरत होती. स्लॅश जिथे तार ओढतो तिथे हा मनगटाची कातडी ओढायचा. ‘नोव्हेंबर रेन’ला अ‍ॅक्सल पियानोवर बसला. गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं, आणि स्लॅशचा दुसरा एकल तुकडा सुरू झाला तेव्हा मनगटावरची बोटं थांबली. तो नुसता ऐकत राहिला. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस गळ्यात लेस पॉल गिटार अडकवून ते तसंच, खरं तर जरा जास्तच निवांतपणे वाजवत होता. गिटारची तार बदलता येते. गळ्यातले तंतू मात्र वयाबरोबर ताठर होतात, त्यांना दुकान नाही. एकाच मंचावर दोघांचं वय असं वेगवेगळं ऐकू येतं आणि टीका फक्त एकाच्याच वाट्याला येते.

फोन आणखी एक अन्याय करतो. मैदानात ड्रमचा आणि डफच्या बेसचा धक्का छातीवर बसतो, त्याच्या आधारावर गायकाचा स्वर उभा असतो. फोनच्या इवल्याशा माइकमध्ये तो खालचा भार येतच नाही, आणि गळा उघडा पडतो. कुठल्याही गायकाचं ठेक्याशिवाय, साथीशिवाय अर्ध्या मिनिटाचं गाणं काढून दाखवा, बघू काय उरतं ते.

वयस्क आवाज कसा ऐकायचा, हे मराठी श्रोत्याला कुणी शिकवायला नको. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाच्या शेवटच्या सत्रात भीमसेनजींना त्यांच्या उतारवयात ऐकायला लोक बसत, ते काही चाळिशीतल्या भीमसेनांच्या अपेक्षेने नव्हे. मल्लिकार्जुन मन्सूर सर्वदूर गाजले तेच मुळी साठीच्या आसपास. यामागे श्रोत्यांचा मोठेपणा आहेच, पण व्यवस्थाही तशी आहे. आपल्याकडे गवई स्वतःचा षड्ज स्वतः ठरवतो. आज गळा साथ देत नाही म्हटलं की तानपुरे उतरवून घेतो, तार सप्तक टाळून मध्यातच राग मांडतो, आणि यात कुणाला फसवणूक वाटत नाही. रागाला मूळ रेकॉर्ड नसते.

रॉकला असते, आणि घोटाळा तिथेच आहे. तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात पंचविशीतला अ‍ॅक्सल बसलेला असतो, आणि बँडही त्याच पंचविशीच्या जाहिरातीवर जगतो. ‘गन्स अँड रोझेस’च्या गिटारी पहिल्यापासून अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत, चाळीस वर्षं होत आली तरी पट्टी बहुतेक तीच. गळा खाली आला, गाणी वरच राहिली. मला याचा राग येतो. साठी उलटलेल्या माणसाला रोज संध्याकाळी त्याच्याच तरुणपणाशी शर्यत लावायची आणि तो हरला की हसायचं. बालगंधर्वांनी साठी जवळ आली तरी तरुण नायिका रंगवल्या. तेव्हाही गळ्यासाठी जाणारे डोळे मिटून ऐकत आणि बाकीचे चेष्टा करत. त्यांच्यामागे कर्ज होतं, संस्था होती. या मंडळींना कसली सक्ती आहे?

पर्याय आहेत. ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ 2002 च्या सुमारास कार्यक्रमातून काढून टाकलं. त्यातल्या किंकाळ्या हेच त्या गाण्याचं वैभव, आणि त्या आता निघत नाहीत, एवढा साधा हिशोब. आज तो ऐंशीच्या घरात आहे आणि अजून गातोय. कुणी पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही. दुसऱ्या टोकाला ‘किस’. त्यांनी 2023 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला निरोपाचा कार्यक्रम केला आणि शेवटी आपले संगणकीय अवतार पुढे केले. त्या अवतारांना घसा नाही, घाम नाही, चुकणं नाही. चिरकणाऱ्या आरोळीवर हसणाऱ्यांनी ते बघावेत, मनाजोगतं मिळेल.

‘पॅराडाइज सिटी’ने शेवट झाला. कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस केव्हाच निघून गेली होती, त्यामुळे मित्र माझ्याकडेच मुक्कामाला आला. रात्री चहा घेताना मी त्याच्यापुढे हा सगळा सिद्धान्त मांडला: दोन स्वर खाली घ्या, दोन गाणी गाळा, माणसाला सुखाने गाऊ द्या. तानपुऱ्यांच्या गावचा माणूस, पट्टी उतरवण्याचं महत्त्व याला पटेल अशी माझी खात्री होती.

“काही गरज नाही,” तो म्हणाला. “खाली घेतलं असतं तर सुरात आलं असतं, पण मग ती आरोळी कुठनं आली असती? त्यानं वर जायचा प्रयत्न केला, ते मला बघायचं होतं. गेला नाही तर नाही.”

मी म्हटलं, ही माया झाली, ऐकणं नव्हे. त्यावर तो म्हणाला, तू दर आठवड्याला लिहितोस म्हणून तुला ऐकणं वेगळं काढावं लागतं. वाद रात्री दोनपर्यंत चालला. पट्टीबद्दलचं माझं मत मी अजून बदललेलं नाही, त्यानेही बदललेलं नाही. फक्त पुढच्या वेळी बँड आला तर पुढच्या रांगेची तिकिटं काढायची, यावर एकमत झालं. पैसे कुणी द्यायचे त्यावर नाही.