आधी पाणी, मग प्राणी

मंडळी, एक वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. "ॲक्सोलॉटल एकदम काटक असतो रे, पाय तुटला तरी परत येतो!" दुकानदार हेच म्हणतो, रील बनवणाराही हेच म्हणतो. मग आपल्या ऑफिसातला कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि बोटाएवढं गुलाबी पिल्लू असं सगळं एकाच बिलावर घरी आणतो. सोमवारी ग्रुपवर फोटो. महिन्याभरात विषय बंद. (कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही.)

माझं म्हणणं सरळ आहे: ह्यातली बहुतेक पिल्लं आजाराने नाही, आपल्या घाईने मरतात.

पाय परत येतो हे खरंच. पण ह्या प्राण्याची कातडी पातळ, आणि नाजूक कल्ले झालरीसारखे बाहेर लोंबणारे. पाण्यात जे असेल ते थेट अंगाला लागतं. आणि नव्या टाकीत काय असतं? अमोनिया. पिल्लाची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून तो तयार होतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ह्याला टाकी 'सायकल' करणं म्हणतात. आपण टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला कोड टाकत नाही ना? मग इथे पहिल्याच दिवशी जिवंत प्राणी कसा काय सोडतो?

रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घाला आणि टेस्ट किटने रोज मोजा. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य राहिलं, की टाकी तयार. नायट्रेट पाणी बदलून २० च्या आसपास ठेवायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायचं. सोसायटीत आज पालिकेचं आणि उद्या टँकरचं पाणी येत असेल, तर दोन्ही मोजायचं.

आता तापमान, म्हणजे खरं भांडण. हा प्राणी मेक्सिको सिटीजवळच्या झोचिमिल्कोचा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या थंड कालव्यांमधला. त्याला १६ ते १८ अंश मानवतं. २० च्या वर ताण सुरू होतो, आणि २४ च्या वर जास्त दिवस काढणं जिवावर बेततं. पुण्यात एप्रिलमध्ये घरातल्या बादलीत थर्मामीटर बुडवून बघा, मुंबईत तर विचारूच नका. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी प्राण्याची गरज वाढते. "पंखा लावतो की!" पंख्याने बाष्पीभवन होऊन दोन-चार अंश उतरतात, तेही हवा कोरडी असेल तर. "एसी आहे!" तुम्ही ऑफिसला गेल्यावर चालू असतो का? चिलर हवा. तो टाकीपेक्षा महाग पडतो, म्हणून दुकानात त्याचं नाव निघत नाही.

पिल्लाच्या बाबतीत घाई आणखी महागात पडते. ते तोंडासमोर येईल ते गिळतं, म्हणून खडे अजिबात नकोत. ते आतड्यात अडकतात. तळ मोकळा ठेवा. दोन पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय खातात ('परत येतो' ह्याचा असा उपयोग अपेक्षित नव्हता). लहान वयात रोज खाणं हवं, डॅफ्निया, जिवंत अळ्या वगैरे, आणि उरलेलं लगेच बाहेर काढायचं. पाण्याचा प्रवाह मंद हवा. कल्ले सतत पुढे वळलेले दिसले तर पिल्लू त्रासात आहे असं समजा, आणि आधी तापमान, पाणी आणि प्रवाह तपासा.

"पण निसर्गात तो संपत चाललाय, घरी पाळणं म्हणजे संवर्धनच," असं एक भारदस्त समर्थनही ऐकतो. १९९८ मध्ये झोचिमिल्कोत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेले ॲक्सोलॉटल २०१४ मध्ये ३६ वर आले, हे खरं. पण आपल्या टाकीतलं पिल्लू पिढ्यान् पिढ्या बंदिवासात पैदास झालेल्यांचं. ते तिथे कधीच परत जाणार नाही. हौस आहे, तर हौस म्हणा.

कायदाही बघा. ही प्रजाती साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडे कागद मागून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. :)

ज्यांच्या घरी पिल्लू आलंच आहे, त्यांनी टाकी तयार होईपर्यंत त्याला स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी रोज पूर्ण बदला. कंटाळवाणं आहे, पण जीव वाचतो.

बाकीच्यांनी ह्या वीकांताला फक्त टाकी, थर्मामीटर आणि टेस्ट किट आणा. रोजचे आकडे एक्सेलमध्ये भरा, तसंही ते आपल्याला येतंच. मे महिन्यातही पाणी १८ वर राहिलं, तर पिल्लू खुशाल आणा. नाही राहिलं, तर गप्पी मासे पाळा. हा प्राणी नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. त्याच्यासाठी दोन महिने थांबायला काय हरकत आहे?