संकटास एकच मस्तक असतें काय?

‘रेन ऑफ फायर’ हा इंग्रजी चित्रपट २००२ सालीं निघाला तेव्हां बहुतेक टीकाकारांनीं तो निकालांत काढला. आणि जे थोडे प्रेक्षक त्याचे चाहते म्हणून उरले त्यांनीं तो डोक्यावर घेतला. या दोन्ही पक्षांशीं माझें भांडण आहे. पहिला पक्ष म्हणतो कीं, पंखांचे सर्प आणि त्यांच्यामागें धांवणारे रणगाडे हा प्रौढ माणसाच्या विचाराचा विषयच नव्हे. दुसरा म्हणतो कीं, करमणुकीच्या वस्तूला तर्काचा गज लावणें हा शुद्ध अरसिकपणा. वरवर पाहतां हे पक्ष परस्परविरोधी दिसतात. पण दोघांचें म्हणणें अखेर एकच, कीं येथें विचार करण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या अर्थीं आजचीं तरुण माणसें प्रलयाची कल्पना ग्रंथांतून न घेतां अशा चित्रपटांतून घेतात, त्या अर्थीं त्यांत सांगितलेली गोष्ट खरी कीं खोटी हें तपासणें वाङ्मयाच्या अध्यापकाला टाळतां येण्यासारखें नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. लंडनच्या भुयारी रेल्वेचें खोदकाम चालूं असतां जमिनीखालची एक पोकळी फुटते व तींत युगानुयुगें निजलेला ड्रॅगन जागा होतो. (मराठींत या प्राण्याला नेमका शब्द नाहीं. अजगराला पंख नाहींत आणि नागाची आपण पूजा करतों. तेव्हां मूळचाच शब्द ठेवतों.) खोदकामावर असलेली इंजिनियर बाई आपल्या मुलाला वांचवितांना मरते, तो मुलगा क्विन. पुढें ड्रॅगनांची प्रजा पृथ्वीभर पसरते, माणसें अण्वस्त्रें वापरून आपलाच उरलासुरला संसार जाळून घेतात, आणि २०२० साल उजाडतें तेव्हां नॉर्थंबरलंडमधील एका जुन्या किल्ल्यांत क्विन मूठभर माणसांना घेऊन दिवस काढीत असतो. हे ड्रॅगन राखेवर जगतात, म्हणून दिसेल तें जाळतात. जाळण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे तेच उपाशीं मरतील. तोंवर आपण टिकावें, शेत राखावें, मुलें जगवावीं, हें क्विनचें धोरण. अशा वेळीं व्हॅन झॅन नांवाचा अमेरिकन सेनानायक रणगाडा आणि हेलिकॉप्टर घेऊन दारांत उभा राहतो. त्याचा सिद्धांत असा कीं, या सगळ्या प्रजेंत नर एकच आहे, त्याचें ठाणें लंडनमध्यें आहे, आणि तो मारला कीं वंश खुंटला.

जगाचा नाश होण्याचा जो मधला काळ, तो दिग्दर्शक रॉब बोमन यांनीं क्विनच्या निवेदनांत आणि छापील मजकुराच्या कात्रणांत उरकला आहे. जाहिरातीच्या चित्रांत मात्र जळत्या लंडनवर, पार्लमेंटच्या इमारतीशेजारीं, ड्रॅगन आणि हेलिकॉप्टरें यांची झुंज रंगविली होती. तें युद्ध पडद्यावर आलेंच नाहीं म्हणून आपण फसविलें गेलों, अशी ओरड कित्येक प्रेक्षकांनीं केली. माझ्या मतें हा चित्रपटांतला शहाणपणाचा भाग आहे. रिचर्ड जेफरीजनें १८८५ सालीं ‘आफ्टर लंडन’ ही कादंबरी लिहिली तेव्हां इंग्लंड कशानें उजाड झालें हें त्यानें मुद्दामच धूसर ठेवलें आणि मागें उरलेलीं माणसें कशीं वागतात तें पाहिलें. या चित्रपटाचा पूर्वार्ध त्याच कुळांतला आहे. किल्ल्याबाहेरच्या शेतांतलीं टोमॅटो आतांच तोडावींत कीं पिकूं द्यावींत, हा तेथला वाद. आणि भुकेला एक बाप नेत्याची आज्ञा मोडून घरच्यांना घेऊन चोरून शेतांत जातो, त्याची किंमत जिवांनीं मोजली जाते. अन्नाचा हा हिशेब मला पडद्यावरच्या सर्व ज्वाळांपेक्षां अधिक भयंकर वाटला.

परंतु रणगाडा आला आणि चित्रपटाचें डोकें फिरलें. व्हॅन झॅनजवळ माणसें अपुरीं आहेत. म्हणून तो किल्ल्यांतलीं धडधाकट माणसें सक्तीनें उचलतो. क्विन विरोध करतो व मार खातो. लंडनच्या वाटेवर तो नर ड्रॅगन एका झडपेंत ती सगळी तुकडी जाळून टाकतो, आणि तिच्या मागावर किल्ल्यापर्यंत येऊन किल्लाही जाळतो. क्विनचा जिवाभावाचा सोबती क्रीडी त्यांतच मरतो. म्हणजे क्विननें जें होईल म्हणून सांगितलें होतें तेंच अक्षरशः झालें. कोणत्याही सरळ बुद्धीच्या कथाकारानें येथें थांबून विचारलें असतें कीं, या नाशाचा जाब कोणी द्यावयाचा? चित्रपट विचारीत नाहीं. उलट, क्विनलाच उमज पडली अशा थाटांत तो व्हॅन झॅनबरोबर लंडनला निघतो. तेथें नर मारला जातो, आणि व्हॅन झॅनचा सिद्धांत खरा ठरतो. स्वतः मांडलेला पुरावा स्वतःच फेटाळून लावणारा इतका उघड खटला मीं क्वचितच पाहिला आहे. कुऱ्हाड उगारून ड्रॅगनच्या जबड्यावर घेतलेली व्हॅन झॅनची उडी सर्व प्रेक्षकांना आठवते. त्यानें सक्तीनें नेलेल्या माणसांपैकीं एकाचें तरी नांव कोणाला आठवतें काय?

एकच नर सगळ्या पृथ्वीला कसा पुरतो, ही प्राणिशास्त्राची शंका मी काढीत नाहीं. कथेंत ड्रॅगन मान्य केल्यावर त्याच्या प्रजननाची पद्धतही मान्य करावी हें न्याय्य आहे. माझी शंका निराळी आहे. या एका कल्पनेनें अवघ्या प्रलयाला एक मस्तक मिळतें. आणि मस्तक मिळालें कीं तें उडविण्यापुरतेंच माणसाचें कर्तव्य उरतें. मग धान्य, पाणी, मुलें, परस्परांवरचा विश्वास या सगळ्या गोष्टी गौण ठरतात, आणि त्यांची काळजी वाहणारा मनुष्य भित्रा दिसूं लागतो. चित्रपटाचें खरें पाप हें आहे.

येथें दुसरा पक्ष म्हणेल कीं, ड्रॅगन म्हटला कीं त्याला मारणारा वीर आलाच. ही तर फार जुनी चाल आहे. जुनी चाल अशी मुळींच नाहीं. १९३६ सालीं टॉल्किन यांनीं ब्रिटिश अकादमीपुढें ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यावर व्याख्यान दिलें, तेव्हां त्यांचा रोख अशाच पंडितांवर होता जे काव्यांतल्या राक्षसांना बालिश समजून बाजूला सारीत. राक्षस हाच काव्याचा गाभा आहे, असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. त्या काव्यांत ड्रॅगन जागा होतो तो पुरलेल्या धनांतला एक पेला कोणी चोरल्यामुळें. पन्नास वर्षें राज्य केलेला वृद्ध राजा त्याच्यावर चालून जातो, सोबती पळून जातात, एकटा विग्लाफ पाठीशीं उभा राहतो. ड्रॅगन मरतो आणि राजाही मरतो. काव्य संपतें तें विजयोत्सवांत नव्हे. आतां शेजारचे शत्रु आपल्यावर तुटून पडणार या प्रजेच्या भयांत संपतें. मस्तक उडविल्यानें संकट टळत नाहीं हें त्या अनामिक कवीला पक्कें ठाऊक होतें. उत्तरेकडच्या दुसऱ्या कथेंत फाफ्निर हा तर मुळांत ड्रॅगनच नव्हे. सोन्याच्या लोभानें बापाचा जीव घेऊन, त्या सोन्यावर वेटोळें घालून बसतां बसतां तो ड्रॅगन झाला. चोरलेला पेला काय, सोन्याचा लोभ काय, प्राचीनांचा ड्रॅगन माणसाच्या कांहींतरी करणींतून उठतो. आपल्या चित्रपटांतही तो खोदकामानेंच उठतो. पण पहिल्या दहा मिनिटांनंतर त्या खोदकामाची कोणाला आठवणही राहत नाहीं.

आणि किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न तरी जुन्या कथांनीं कधीं सोडला आहे काय? सेंट जॉर्जच्या आख्यायिकेंत सिलीन नगरीचे लोक ड्रॅगनला आधीं मेंढ्या देतात, मग चिठ्ठ्या टाकून मुलें देतात. चिठ्ठी राजकन्येची निघते तेव्हां राजा रडतो, धन देऊं करतो, पण प्रजा त्याला सोडीत नाहीं. महाभारतांतल्या एकचक्रा नगरींत बकासुराला घरटी पाळी आहे. ज्या ब्राह्मणाच्या घरीं पांडव उतरले त्याच्यावर पाळी येते, तेव्हां कुंती दुसऱ्याच्या मुलाला धीर देत बसत नाहीं. स्वतःचा मुलगा पाठविते. बकासुर हा नरभक्षक राक्षस, ड्रॅगन नव्हे, हें मला कळतें. पण कथेची नैतिक घडण तीच आहे. जो निर्णय घेतो त्याच्या घरांतून किंमत गेली पाहिजे. व्हॅन झॅन निर्णय घेतो आणि किंमत किल्ल्यांतल्या लोकांकडून वसूल करतो. भागवतांतला कालिया तर मारलाच जात नाहीं. त्याच्या स्त्रिया विनवणी करतात, आणि कृष्ण त्याला डोहांतून घालवून देतो. ‘शत्रु मेला’ यापेक्षां ‘पाणी पुन्हा पिण्याजोगें झालें’ याला त्या कथेंत अधिक मोल आहे.

आक्षेप येईल : मग माणसानें किल्ल्यांत दडून बसावें काय? माझे विद्यार्थीही हेंच विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. क्विनचें धोरण निर्दोष नाहीं. आकाशाकडे डोळे लावून राहा, ते दिसले कीं पळा आणि मागें वळूं नका, एवढीच प्रार्थना तो मुलांकडून रोज रात्रीं म्हणवून घेतो. भयावर वाढलेलीं मुलें पुढें कसलीं माणसें होतील, हें त्यालाही सांगतां येणार नाहीं. शिवाय उपासमार काय फक्त शत्रूचीच होते? तेव्हां लढावें कीं टिकावें हा खरोखर बिकट प्रश्न होता, आणि दोन्ही बाजूंस तोडीचे पुरुष उभे होते. व्हॅन झॅन हाही नुसता बढाईखोर नव्हे. ड्रॅगन पडल्यावर किल्ल्यांतले लोक नाचूं लागतात, तेव्हां आपले गडी गमावलेला हा मनुष्य त्यांच्यावर संतापतो; त्या क्षणीं तो मला मोठा वाटला. असे दोन नायक हातीं असतां वाद शेवटपर्यंत लढविण्याऐवजीं एका सिद्धांताच्या युक्तीनें तो मिटवून टाकणें, याला मी आळस म्हणतों. वेल्सच्या १८९८ सालच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्यें मंगळावरचे आक्रमक सूक्ष्म जंतूंनीं मरतात, सगळ्या तोफा आधींच निकामी झालेल्या असतात. माणसाची फुशारकी कोठें थांबवावी हें वेल्सला समजत होतें.

योगायोग असा कीं, चित्रपटानें भाकित केलेलें २०२० साल खरोखर संकटाचें निघालें. त्या साथीला मस्तक नव्हतें. तरीही लोकांची वाणी युद्धाचीच होती. आपल्याकडेही त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत महाभारताच्या १८ दिवसांशीं टाळेबंदीच्या २१ दिवसांची तुलना झाली. १८ दिवसांनंतर कुरुक्षेत्रावर काय उरलें होतें हें मात्र कोणीं आठवलें नाहीं. जें उपयोगी पडलें तें क्विनच्या जातीचें होतें : दूर राहणें, शिधा पुरविणें, आजाऱ्याची शुश्रूषा करणें, लस होईतों धीर धरणें. आणि ज्यांना शिधा न मिळतां शेंकडों मैल पायीं जावें लागलें त्यांना निर्णयापूर्वीं कोणी विचारलें नव्हतें. चित्रपट निघण्यापूर्वीं एक वर्ष, २००१ सालीं, इंग्लंडांत लाळ-खुरकताची साथ उसळली. तिचा उगम याच नॉर्थंबरलंडमधल्या एका डुकरांच्या वाड्यांत, नीट न उकळलेलें उष्टें खाऊं घालण्यांत, सांपडला. ६० लाखांहून अधिक जनावरें मारलीं गेलीं आणि शेताशेतांतून त्यांच्या चिता पेटल्या. खऱ्या राखेचा उगम पाहूं जावें तर असा एका बादलींत असतो. त्यावर रणगाडा काय करणार?

आतां ज्या प्रवेशासाठीं मी हा चित्रपट पुन्हां पाहीन त्याविषयीं. रात्रीं मुलें जमलेलीं आहेत, चित्रपट हा शब्दही त्यांना परका आहे. आणि क्विन व क्रीडी लांकडी तरवारी घेऊन ‘स्टार वॉर्स’ मालेंतल्या १९८० सालच्या चित्रपटाचा प्रवेश करून दाखवितात, ज्यांत काळ्या वेषांतला वैरी हा नायकाचा जन्मदाता निघतो. मुलांचा श्वास रोखला जातो. यंत्रें गेलीं, वीज गेली, पडदा गेला, आणि गोष्ट तेवढी दोन माणसांच्या अंगांत शिल्लक राहिली. आपल्या खेड्यांतले दशावतारी नट ज्या सामानांत रात्र काढतात त्याहूनही त्यांचें सामान थोडें आहे. निवड तरी कोणत्या गोष्टीची? वैरी परका नसतो, तो आपल्याच रक्ताचा असतो, असें सांगणारी ती गोष्ट आहे. चित्रपटानें ती आपल्या मुलांना ऐकविली आणि स्वतः मात्र ऐकली नाहीं.

क्रीडी पुढें किल्ल्यांत मरतो. त्याच्यामागें तो प्रवेश कोणी करून दाखविला कीं नाहीं हें आपल्याला कळत नाहीं. शेवटीं टेकडीवर एक बिनतारी मनोरा उभारला जातो, आणि समुद्रापलीकडून, फ्रान्सहून, माणसाचा आवाज येतो.