विस्थापिताचा विनोद: काश्मिरी मोहल्ल्यापासून पुण्यापर्यंत

लखनौच्या निशातगंज भागात, पेपर मिल कॉलनीत, कैफी आझमी अकादमीची वास्तू आहे. उर्दू कवितेची आणि नाटकाची चर्चा तेथे चालते. तेथून गोमती ओलांडून जुन्या शहरात शिरले की काश्मिरी मोहल्ला लागतो, आणि उर्दू विनोदी गद्याचा विचार करणाऱ्यास त्या मोहल्ल्यापाशी थांबावेच लागते. पंडित रतननाथ दर 'सरशार' हे काश्मीर सोडून अवधात स्थिरावलेल्या पंडित समाजातले. 1878 पासून मुन्शी नवलकिशोर यांच्या 'अवध अखबारा'त त्यांचा 'फसाना-ए-आझाद' हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होऊ लागला. त्यातील अफूबाज, ठेंगणा, बढाईखोर खोजी हे उर्दूतील पहिले मोठे विनोदी पात्र होय, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे याच सरशारांनी 'डॉन किहोटे'ला 'खुदाई फौजदार' या नावाने उर्दू वेष चढविला, यावरून त्यांच्या विनोदाची जात ध्यानात यावी.

सरशारांचे येथे स्मरण होते ते एका आजच्या कलावंतामुळे. समय रैना यांचा जन्म 1997 सालचा, जम्मूचा. 1990 च्या जानेवारीपासून काश्मीर खोऱ्यातून पंडितांचे जे निर्गमन झाले, त्यानंतर जन्मलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी. शासनाच्या परिभाषेत हा समाज 'स्थलांतरित' ठरतो. सीमा ओलांडली नसल्याने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने तो 'निर्वासित' नव्हे. मराठीतील 'निर्वासित' हा शब्द मात्र अशी वकिली करीत नाही. ज्याची वसती गेली तो निर्वासित, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रस्तुत विषयास तोच अधिक सोयीचा आहे.

महाराष्ट्राने या विस्थापितांच्या मुलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्या होत्या, त्यामुळे पुण्यात काश्मिरी विद्यार्थ्यांचा वावर नवा नव्हता. रैना पुण्यास आले ते मुद्रण अभियांत्रिकी शिकण्यास, पुणे विद्यार्थी गृहाच्या महाविद्यालयात. 1909 साली 'अनाथ विद्यार्थी गृह' म्हणून ही संस्था सुरू झाली होती. 2017 च्या सुमारास त्यांनी तेथील लहानसहान व्यासपीठांवर विनोद सांगावयास आरंभ केला. 2019 साली 'कॉमिकस्तान' या स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वाचे विजेतेपद त्यांना आकाश गुप्ता यांच्यासह मिळाले. 2020 च्या टाळेबंदीत त्यांनी बुद्धिबळाचे डाव थट्टामस्करीसह प्रक्षेपित केले आणि नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्यासारखे खेळाडू त्या गप्पांत ओढले. बुद्धिबळासारख्या मौनाच्या खेळाभोवती हशा पिकविणे हे सोपे काम नव्हे.

विस्थापनाच्या वाङ्मयाची चर्चा करताना आपण अशा कलावंताची दखल घेत नाही. क्षमा कौल यांची 'दर्दपुर' ही कादंबरी, राहुल पंडिता यांचे 2013 चे आत्मकथन यांचा अभ्यास होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु शोक आणि साक्ष एवढ्यांतच विस्थापनाची अभिव्यक्ती संपते, हे गृहीत चूक आहे. शोकात्म लेखनाला हरवलेले घर शब्दांत पुन्हा उभारता येते. विनोदकाराला तसे करता येत नाही. श्रोत्यांना या क्षणी जे ठाऊक आहे त्यावरच त्याला उभे राहावे लागते. म्हणून काय हरवले ते त्याच्याच बोलण्यात उघडे पडते.

पु. ल. देशपांडे यांच्याशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होईल. अंतू बर्व्यामागे रत्नागिरी आहे. 'बटाट्याची चाळ' मोडकळीस आलेली असली तरी चाळ आहे. मराठीतील एकपात्री विनोद हा वसलेल्या माणसांचा विनोद आहे. बोलीतली एक लकब उच्चारली की मागचे सारे गाव उभे राहते. रैना यांना ही सोय नाही. त्यांच्या प्रयोगाची भाषा हिंदी-इंग्रजीची सरमिसळ आहे. खोऱ्याबाहेर वाढलेल्या मुलांच्या तोंडून काश्मिरी विरळ होत चालल्याची खंत त्या समाजातील लेखक वारंवार व्यक्त करतात. रैना यांच्या प्रयोगात ती खंत नाही, ती विरळता मात्र आहे. काश्मीरच्या भांडपाथरातही राजा परभाषेत बोलतो आणि प्रजा काश्मिरीत, आणि मस्खरा त्या गोंधळातून हसू काढतो. रैना यांच्या मंचावर परभाषाच उरली आहे. सरशारांनीही काश्मिरीत नव्हे, लखनौच्या बाजारात आणि जनानखान्यात ऐकलेल्या उर्दूत लिहिले. घर गेलेला माणूस दुसऱ्याच्या बोलीत इतका मुरतो की त्या बोलीचे धनीच त्याच्याकडून ती ऐकू लागतात. मात्र सरशारांच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या मध्ये काळ गेला होता. रैना यांच्या पाठीशी तेवढा काळ नाही.

याचा अर्थ विस्थापिताच्या विनोदाला सारे माफ, असा नव्हे. 2024 मध्ये सुरू झालेल्या 'इंडियाज गॉट लेटन्ट' या कार्यक्रमात एका पाहुण्याने काढलेल्या उद्गारांवरून फेब्रुवारी 2025 मध्ये वादळ उठले, तक्रारी दाखल झाल्या, आणि रैना यांनी त्याचे सर्व भाग मागे घेतले. त्या वेळचा आरडाओरडा पुष्कळसा दांभिक होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपंगांविषयीच्या विनोदांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने रैना व अन्य काही विनोदकारांना जाहीर क्षमा मागावयास सांगितले, तो प्रश्न मात्र निराळा आणि अधिक गंभीर आहे. स्वतःच्या समाजाच्या जखमेवर हसणाऱ्याजवळ त्या जखमेचा अधिकार असतो; दुसऱ्याच्या दुखण्यावर हसताना तो अधिकार बरोबर येत नाही. खोजीची फजिती होते तेव्हा त्याची बढाई हास्यास्पद ठरते. सरशार केवळ त्याच्या ठेंगणेपणावर विसंबतात तेव्हा तेही घसरतात.

'अवध अखबारा'तील हप्त्यांना नवलकिशोर छापखान्याने ग्रंथरूप दिले, म्हणून त्यांतील उंची आणि घसरण दोन्ही आज तपासता येतात. मागे घेतलेल्या कार्यक्रमांची गोष्ट वेगळी. भारतीय भाषांच्या विभागांनी असे प्रयोग ध्वनिमुद्रित करून, त्यांची संहिता उतरवून ठेवावयास हवी. विनोद जेथे घसरला ते भागही त्यातून गाळू नयेत, आणि काश्मिरीचा एखादा शब्द कोठे निसटून आला असेल तर त्याची नोंद अवश्य करावी.