हात निकामी झाल्यावर

कोणत्याही नियंत्रण-यंत्रणेत तीन घटक असतात : स्थिती जाणणारे संवेदक, निर्णय घेणारा संगणक किंवा मनुष्य, आणि तो निर्णय अमलात आणणारे ॲक्च्युएटर. ॲक्च्युएटर म्हणजे यंत्रणेचे हात. मेंदू शाबूत असताना हातच निकामी झाले तर?

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानातील २९६ जणांचे प्राण या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. शेपटीतील इंजिनाच्या पंख्याची चकती आकाशातच फुटली. विमानाची पाती हलविण्यासाठी एक नव्हे, तीन हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. मात्र तिन्हींच्या नळ्या शेपटीत जवळजवळ होत्या. एकाच आघाताने तिन्ही निकामी झाल्या.

तेव्हा वैमानिकांनी पंखांखालच्या दोन इंजिनांचा जोर कमी-अधिक करून विमान वळविले. डाव्या इंजिनाचा जोर वाढविला की विमान उजवीकडे वळे. प्रवासी म्हणून आलेले प्रशिक्षक-वैमानिक डेनी फिच यांनी थ्रॉटल हाती घेतले. सू सिटीच्या धावपट्टीवर टेकताच विमान मोडले. ११२ जण दगावले, १८४ वाचले.

त्यानंतर डीसी-१० विमानांत नळी फुटताच द्रव अडविणारी व्यवस्था बसविण्यात आली. नासाच्या अभियंत्यांनी इंजिनांच्या जोरावर विमान हाकण्याचे ते कौशल्य आज्ञावलीत उतरविले आणि २९ ऑगस्ट १९९५ रोजी एमडी-११ हे मोठे विमान केवळ इंजिनांच्या नियंत्रणाने सुखरूप उतरविले. तरीही प्रवासी विमानांत ही आज्ञावली सर्रास बसविली गेली नाही.

अशा रचनेची कामे तीन : बिघाड वेळीच ओळखणे, तो नेमका कोठे आहे हे ठरविणे आणि उरलेल्या साधनांत कामाची नवी वाटणी करणे. तिसरे काम सर्वांत कठीण. इंजिन पुढे ढकलण्यासाठी असते. त्याच्याकडून वळविण्याचे कामही करून घेता येते, हे संकटापूर्वीच तपासलेले असावे लागते.

आणि पर्याय किती, यापेक्षा ते एकमेकांपासून किती अलग, हे महत्त्वाचे. परदेशात पासपोर्ट आणि त्याची प्रत एकाच पिशवीत ठेवणाऱ्या कुटुंबाकडे दोन कागद असतात, पर्याय मात्र एकही नसतो. आज घरी गेल्यावर ती प्रत दुसरीकडे ठेवावी.