पाहणारे आणि पाहिले जाणारे

समाजशास्त्र शिकणारी मंडळी वह्या घेऊन सातारा-सांगलीकडील खेड्यांत येतात, हे आता नवे राहिले नाही. ओसरीवर घोंगडे पसरतात, चहा होतो, आणि कर्त्याला प्रश्न येतो, "घरातल्या मंडळी काय करतात?" कर्ता बेधडक सांगतो, "काही नाही, घरीच असतात." ते वहीत उतरते. त्याच वेळी त्या घरची बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन परड्यातून गोठ्याकडे चाललेली असते! पहाटे धारा तिने काढल्या, दिवसभर भांगलणीला ती गेली, आणि कागदावर मात्र ती रिकामी. कुंभारवाड्यातही तेच. चाकावर पुरुष बसतो म्हणून कुंभार तो एकटा. माती चाळणारी, मळणारी, आवा रचू लागणारी त्याची बायको कोणत्याच रकान्यात नाही.

म्हणून नुसते विचारण्यापेक्षा डोळ्यांनी पाहणे, ज्याला विद्वान लोक निरीक्षण म्हणतात, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कर्ता काही खोटे बोलत नाही; रोजचे काम त्याला काम वाटतच नाही, मग सांगणार काय? गावात जातिभेद उरला आहे काय, असे विचारा, सगळे "छे, छे" म्हणतील. पंगतीला कोण कुठे बसतो आणि वाढायला कोणाला बोलावतात, ते पाहा म्हणजे झाले.

परंतु डोळाही निर्दोष नाही. पाहणारा आला कधी, यावर पुष्कळ अवलंबून असते. यात्रेच्या आठवड्यात आला तर मुंबईकर घरी आलेले, घरोघर मटण शिजलेले, अंगावर नवे कपडे. गाव त्याला सुखवस्तू दिसणार. तोच आषाढात आला असता तर घरोघर म्हातारी आणि बायकाच भेटत्या. हेमलता दांडेकरांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावावर १९८६ साली इंग्रजीत ग्रंथ काढला, त्यात १९४२ ते १९८२ अशी चाळीस वर्षे धरली आहेत. पुरुष मुंबईला आणि बायका घरी, हा त्या गावाचा संसार एका हंगामाच्या मुक्कामात कोणाला कळला असता?

त्याहून मोठी अडचण अशी की, पाहणारा कोणत्या ओट्यावर बसला आहे, तेवढेच त्याला दिसते. त्रिंबक नारायण आत्रे हे मुलकी खात्यातले अधिकारी. त्यांचा 'गांव-गाडा' १९१५ साली निघाला. बलुते-अलुते, हक्क-मान, गावकीचे बारकावे यांची इतकी बारीक टिपणे दुसरीकडे सापडणे कठीण. आम्ही तो ग्रंथ आदराने वाचतो. परंतु कारागिरांचा व फिरस्त्यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, हे त्यांस जितके दिसले, तितके त्या कारागिराच्या घरातले दिसले नाही. खळ्यावरून जाणारी पेंढी चावडीतून दिसते. नांगर भरताना सुताराची मोडलेली पाठ दिसायला मेटावर जाऊन बसावे लागते. याच आत्र्यांचे आधीचे पुस्तक 'गुन्हेगार जाती' या नावाचे आहे, यावरून काय ते समजावे.

आणि ज्यांस पाहायचे ते काय मुकाट्याने पाहू देतात? १९४३ ते १९४६ पर्यंत, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचे वाळवा-तासगाव धरून, नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. गावोगाव पोलीस डोळ्यांत तेल घालून बसले होते. माणसे कोठे निजतात, भाकरी कोठे जाते, हे पोराटोरांस ठाऊक. सरकारला मात्र दिसेना. ज्या गावाने साहेबाला चकविले, ते वहीवाल्यास चकविणार नाही काय? बाहेरचा माणूस ओसरीवर बसला की घरातले भांडण थांबते, सासूचा आवाज मऊ होतो. पुष्कळ दिवस राहिले तरच हा पडदा सरकतो.

राहून पाहण्यालाही मर्यादा आहेत. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडील एका खेड्यात राहिले, ते पाटलाच्या आश्रयाने. गावाने त्यांस ब्राह्मण म्हणूनच वागविले, आणि त्यामुळे अस्पृश्यांच्या वस्तीत आपणांस मोकळेपणाने वावरता आले नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. ही कबुली आम्हांस त्यांच्या विद्वत्तेइतकीच मोठी वाटते. उलट अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट बाईंनी सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, वाळवा तालुक्यातील कासेगाव हेच घर केले, आणि २०२१ साली तेथेच देह ठेवला. त्या चळवळीत उतरल्या, सबब त्यांचे पाहणे एकतर्फी, असे काही शहाणे म्हणतात. असेल. चावडीतून पाहणाराही एकतर्फीच असतो, फक्त तो तसे सांगत नाही.

आता आमच्याच घरांतील मुली-मुले कॉलेजात जाऊन हे शास्त्र शिकू लागली आहेत. त्यांनी आपले गाव पाहावे. मात्र घरच्या माणसाला घरचेच दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आईने शेवटी जेवणे त्यांस इतके सवयीचे असते की ते टिपावे असे मनातही येत नाही.

आमची मागणी एवढीच आहे. टिपण लिहून झाले की छापण्यापूर्वी गावात वाचून दाखवा. चावडीत नको, पारावर नको, तेथे बायका येत नाहीत. सकाळी दूध संस्थेच्या दारात, कॅन घेऊन सगळ्या रांगेत उभ्या असताना वाचा, आणि कोणी मध्येच "असं नाही हो बाळा" म्हणाली, तर तेही लिहून घ्या.