राजीनामा, यजितपत्र आणि साताऱ्याची गुप्त चौकशी

१/ आज ‘राजीनामा’ म्हणजे पद सोडल्याचा कागद. मराठेकालीन न्यायदानात मात्र वादी-प्रतिवादी दोघेही ‘सभेचा निवाडा आम्हांस मान्य’ असे आधी लिहून देत, तो राजीनामा. आपल्या न्यायपरंपरेत काय हरवले, हे या शब्दापासून पाहू.

२/ गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. निवाड्याचा महजर होई, त्यावर उपस्थितांच्या निशाण्या उमटत. हरलेला पक्ष यजितपत्र लिहून देई.

३/ ही व्यवस्था निर्दोष नव्हती. दंड अनेकदा जात पाहून ठरे. जिंकणाऱ्याकडून हरकी घेतली जाई, म्हणजे सरकारलाही निवाड्यात लाभ होता. परंतु निवाडा चारचौघांत होई.

४/ एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायत टिकवण्याचा पक्ष घेतला. तरी १८२७ च्या रेग्युलेशनांनंतर मुंबई इलाख्यात अदालत मुख्य झाली आणि पंचायत केवळ ऐच्छिक लवाद उरली. मागचे सरकारी बळ जाताच ती निस्तेज झाली. नव्या अदालतीचा दावा एकच: आम्ही निःपक्ष आहोत.

५/ राजकारण आड आले की कंपनी किती निःपक्ष राहते, हे साताऱ्याने पाहिले. आज कोयनानगर आहे ते खोरे तेव्हा छत्रपती प्रतापसिंहांच्या राज्यात होते. १८३६ मध्ये त्यांच्याविरुद्ध गुप्त चौकशी बसली. आरोप: कंपनीच्या देशी अंमलदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधणे.

६/ १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास आला. दोष कबूल करा, गादी राहील, असा प्रस्ताव होता. महाराजांनी तो नाकारला. ५ सप्टेंबरला ते पदच्युत झाले. येथे फिर्यादी कंपनी, तपासणारी कंपनी, निवाडा करणारीही कंपनीच.

७/ रंगो बापूजींनी लंडनमध्ये १८५३ पर्यंत दाद मागितली. तोवर महाराज काशीत निवर्तले होते (१८४७) आणि राज्य खालसा झाले होते (१८४८).

८/ म्हणून गोतसभेचे गोडवे गाणे मला पटत नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला, हे विसरू नये. पण ‘जुने पक्षपाती, नवे निःपक्ष’ ही मांडणीही खोटी आहे. कोणत्याही न्यायसभेला दोनच प्रश्न विचारावेत: आरोपीसमोर पुरावा उघड झाला का? निवाडा करणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता का? गोतसभा दुसऱ्या प्रश्नावर अडखळते. साताऱ्याची चौकशी दोन्हींवर नापास होते.